कुंपण दिसतंय ना, मग मोजणी कशाला?

हद्दपार
काल इथेच एका महाभागाने लिहिलं की घर घेताना जागेच्या हद्दीची मोजणी करणं म्हणजे पैसे पाण्यात. कुंपण दिसतं, कागदावर क्षेत्र लिहिलेलं असतं, आणखी काय हवं? डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, कुंपण म्हणजे हद्द नव्हे. कुंपण घालणारा जिथे खड्डा सहज खणता येतो तिथे खांब रोवतो. मध्ये खडक आला की हातभर सरकतो. घर घेताना मीही "दिसतंय ना" म्हणालो होतो. तीन वर्षांनी मागे खोली काढायची ठरवली, परवानगीसाठी मोजणी करावी लागली, तर मागचं कुंपण एक मीटर शेजाऱ्याच्या जागेत! २० मीटर लांबी, म्हणजे २० चौरस मीटर गेले. खोली तेवढीच होणार होती. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून लागत नाही.

निवांत_गडी
महाभाग मीच, नमस्कार. मी दोन घरं घेतली, एकदाही मोजणी नाही, शेजाऱ्यांशी आजही उत्तम. मोजणीवाला रेघ कुठे ते सांगतो, शेजाऱ्याने ती मानली नाही तर शेवटी कोर्टच. शिवाय बऱ्याच देशांत वर्षानुवर्षं उघडपणे ताब्यात असलेल्या पट्ट्यावर हक्क सांगता येतो. झोपलेलं भांडण उठवायचं कशाला? शंका असेल तर फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडा, कोपऱ्यावर उभे राहा, झालं.

साखळीवाला
"फोन उघडा, झालं"! दंडवत. हयात गेली या कामात. फोनमधला जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा साधारण ५ मीटर इकडेतिकडे असतो. भिंतीलगत, झाडाखाली विचारूच नका. भांडण एका मीटरचं आहे. आमचं आरटीके यंत्र, म्हणजे चूक दुरुस्त करत मोजणारा जीपीएस, सेंटीमीटरात बोलतं. उपग्रहाच्या चित्रात इमारती कलंडलेल्या दिसतात, छत एकीकडे, पाया दुसरीकडे. लोक छताच्या कडेवरून हद्द ठरवतात!

तिरपा_कोपरा
सेंटीमीटर राहू द्या. जुने नकाशे कशाने मोजले ते सांगा की.

साखळीवाला
साखळीने. गंटरची साखळी १६२० सालची, ६६ फूट, १०० कड्या. १० चौरस साखळ्या म्हणजे बरोब्बर एक एकर. त्याला अक्कल लागते.

तिरपा_कोपरा
आणि सांधे झिजले की साखळी लांबते, अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं. मग माझ्या कागदावरचा आकडा खरा कशावरून?

साखळीवाला
म्हणूनच साखळी अधूनमधून ताडून घ्यायचे. आणि म्हणूनच आधी मूळ खुणा शोधायच्या. हद्दीचा जागचा दगड सापडला तर साधारणपणे दगड वरचढ, आकडा मागाहून. तुम्ही साखळी कधी हातात तरी धरलीय का?

तिरपा_कोपरा
नाही. पण आमच्या चुलत्यांचा दगड एका रात्रीत दोन हात चालला होता. तोच वरचढ का?

साखळीवाला
जागचा म्हटलं मी, जागचा! वाचत जा. बाकीच्या खुणांशी ताळा बसला नाही की चाललेला दगड लगेच ओळखू येतो.

खिडकीतली_काकू
साखळी झाली, दगड झाला, आता घर विकत घ्यायचं का? आमची रड वेगळीच. मोजणी केली, नकाशा मिळाला, पण कोपऱ्यांवर खुणाच रोवून घेतल्या नाहीत. कुंपणवाला आला आणि विचारतो, "काकू, खांब कुठे?" पुन्हा पैसे, पुन्हा मोजणी. आणि जाता जाता, मोजताना शेजारच्यांचा सांडपाण्याचा पाइप आमच्या अंगणाखालून जातो हेही कळलं. खरेदीआधी कळलं असतं तर भाव पाडून मागितला असता. सदनिका घेणाऱ्यांनी मात्र हे सगळं सोडून द्या.

निवांत_गडी
बरं बाबा, पाइपाचा मुद्दा मान्य. तेवढाच. ताज्या मोजणीचा नकाशा असेल, खुणा जागेवर असतील, तरी पुन्हा मोजा म्हणणं म्हणजे धंदा.

हद्दपार
खुणा जागेवर आहेत हे बघायला कोण जातं? तुम्ही गेलात? दोनदा घर घेतलंत म्हणे.

निवांत_गडी
आज सहज टेप लावला. खरेदीखतात पुढची बाजू १५ मीटर, टेप १४.४० दाखवतोय. टेप जुना आहे.

तिरपा_कोपरा
झिजून लांबला असणार. हलके घ्या.

साखळीवाला
टेप ६० सेंटीमीटर लांबत नाही हो. व्यक्तिगत निरोप करा.