सायगॉन की मेकाँगचा नदीकाठ? चार रात्री कशा वाटू?

सानिका_उवाच

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामचं पक्कं झालंय. आधी दा नांग आणि होई आन, तिथलं हॉटेल वगैरे बुक आहे, त्यात आता बदल नाही. परतीचं विमान सायगॉनहून (म्हणजे हो ची मिन्ह सिटी). मधल्या चार रात्री मोकळ्या आहेत आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत.

नवऱ्याला शहर हवंय. रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवर फिरायचं, कॉफी प्यायची, युद्धाशी संबंधित जागा बघायच्या. मला मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात जायचंय. एखाद्या बेटावर राहायचं, पहाटे तरंगता बाजार बघायचा, बाकी काही नाही केलं तरी चालेल. सोबत सासूबाई (वय ७२, गुडघे कुरकुरतात, उत्साह दांडगा, पक्क्या शाकाहारी) आणि दहा वर्षांचा मुलगा.

एजंट म्हणतोय, चारही रात्री सायगॉनलाच राहा, मेकाँग एका दिवसात उरकून आणतो. 'उरकून' हा शब्द त्याचाच. खरंच जमतं का असं? की दोन्हींतलं एकच काहीतरी धड करावं? दा नांगहून पुढचं तिकीट अजून काढलेलं नाही.

घाटवाट

एजंटचं ऐका. सकाळी निघून संध्याकाळी परत. सासूबाईंना बॅगा घेऊन हॉटेलं बदलायला लावू नका. नारळ, केळी, होड्या बघून होतात. व्हिएतनामला जाऊन नारळाची झाडं किती बघणार माणूस?

खिडकीची_सीट

घाटवाट, नारळाबद्दल पुढे बोलूच. आधी सानिका, तो 'एक दिवस' नेमका कसा असतो ते सांगते, मग तूच ठरव.

सायगॉनहून साडेसात-आठला बस निघते. हॉटेलांवरून माणसं गोळा करेपर्यंतच बराच वेळ जातो. 'मी थो' नावाच्या शहराला पोचायला दोन तास. तिथून मोठ्या इंजिनाच्या बोटीने नदी ओलांडून एका बेटावर. उतरलं की मध घातलेला चहा, त्यासोबत मधाची विक्री. पुढच्या बेटावर नारळाच्या वडीचा कारखाना, त्यासोबत वड्यांची विक्री. गळ्यात अजगर घालून फोटो. मग फळांच्या ताटल्या आणि समोर 'डोन का ताय तू' हे त्यांचं पारंपरिक गाणं. २०१३ साली युनेस्कोच्या यादीत गेलेला हा गायनप्रकार खरोखर सुंदर आहे, पण तिथे गायिकेचं तिसरं कडवं चालू असतानाच गाईड टाळ्या वाजवून 'चला, चला' करतो. पत्रकात जिचा फोटो असतो ती वल्ह्यांची छोटी होडी, पाणताडाच्या झावळ्यांखालून जाणारी, ती जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. समोरून तश्याच होड्यांची रांग येत असते. मग जेवण आणि परत बस.

यात फसवणूक कुणाची नाही. पण हा नदीकाठ नव्हे, नदीकाठावरचं दुकान आहे. आणि तरंगता बाजार यात नसतोच, कारण तो पहाटेचा असतो आणि तुम्ही पोचता दहा वाजता.

नदीकाठाची खरी वेळ दोनच: पहाट आणि संध्याकाळ. दुपारी ऊन रणरणतं आणि सगळं गाव हॅमॉकमध्ये आडवं झालेलं असतं. एकदिवसीय सहलीत तुमच्या वाट्याला नेमकी ती दुपार येते. म्हणून माझं मत सरळ आहे. तिथे किमान एक रात्र मुक्काम करणार असाल तर जा. नसाल करणार तर चारही दिवस सायगॉनला द्या, खंत बाळगू नका. मधलं काही करू नका.

मुक्कामाला कान थो हे नदीकाठचं शहर घ्या. तिथल्या निन किउ धक्क्यावरून पाचच्या सुमाराला बोट निघते, अर्ध्या तासात 'काय रांग' नावाचा तरंगता बाजार. मोठ्या बोटींवर बांबू उभा केलेला असतो आणि त्याला अननस नाहीतर भोपळा नाहीतर कोबी टांगलेला असतो. जे टांगलंय ते त्या बोटीत विकायला. ओरडायची गरज नाही, तसंही इंजिनांच्या आवाजात काही ऐकू आलं नसतं. बोटींच्या नाळेवर डोळे रंगवलेले असतात. कॉफीवाली बाई तिची चिमुकली होडी आपल्या बोटीला एका हाताने धरून ठेवते, दुसऱ्या हाताने दूध ओतते आणि पैसेही त्याच हाताने मोजते.

पायजमा_प्रवासी

वरच्या वर्णनात थोडं पाणी घालतो. 'काय रांग'चा बाजार आता पूर्वीसारखा भरत नाही. रस्ते झाले, पूल झाले, माल ट्रकने जायला लागला. बोटीवर राहून व्यापार करणारी कुटुंबं काठावर आली. 'काय बे'चा तरंगता बाजार तर जवळपास उठलाच. जुने फोटो बघून 'शेकडो बोटी' अशी कल्पना घेऊन गेलात तर हिरमोड होईल. आठनंतर पर्यटकांच्या बोटीच जास्त असतात.

मी सायगॉनच्या बाजूचा आहे, लपवत नाही. दहा वर्षांच्या मुलाला त्या शहरात जितकं सापडेल तितकं गावात सापडणार नाही. स्वातंत्र्य राजवाड्यापासून सुरुवात करा. ३० एप्रिल १९७५ ला याच वाड्याचं फाटक रणगाड्यांनी तोडलं आणि युद्ध संपलं. आत १९६० च्या दशकातलं सगळं फर्निचर जसंच्या तसं, तळघरात भिंतभर नकाशे आणि जुने रेडिओ संच, गच्चीवर हेलिकॉप्टर. मुलगा हलणार नाही तिथून.

युद्ध अवशेष संग्रहालय मात्र विचार करून. एजंट ऑरेंजच्या (युद्धात फवारलेलं विषारी रसायन) दालनातले फोटो मोठ्यांनाही झोप येऊ देत नाहीत. नवऱ्याने एकट्याने जावं, तोवर बाकीच्यांनी टपाल कचेरी बघावी (१८९१ सालची, गाईड ती आयफेलने बांधली म्हणून सांगतात, तसं नाहीये). तिला लागूनच पुस्तकांची गल्ली आहे, झाडांची सावली, बसायला जागा.

बेन थान्ह मार्केटजवळ मारिअम्मनचं देऊळ आहे, तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं. पुजेला निम्म्याहून जास्त स्थानिक व्हिएतनामी बायका असतात, हातात उदबत्त्यांचा जुडगा. सासूबाईंना आवडेल.

रस्ता ओलांडायची रीत आधी घरी सांगून ठेवा. एका गतीने, सावकाश चालत राहायचं. थबकायचं नाही, पळायचं नाही. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात. दचकून मागे आलात की घोळ.

रत्नांग्री_हापूस

घाटवाटशी सहमत! कोकणातल्या माणसाने पासपोर्ट काढून खाडी आणि माड बघायला जायचं म्हणजे कमाल आहे. 😄

खिडकीची_सीट

हापूसराव, मीही दाभोळ खाडीच्या काठची. पण ही नदी समुद्राला मिळायच्या आधी इतकी फुटते की तिचं तिथलं नाव 'नऊ ड्रॅगन' असं आहे. कान थोजवळ जो हाऊ फाटा आहे त्याच्यावरचा मोठा पूल २०१० मध्ये झाला, तोवर गाड्या फेरीने जायच्या. आपली खाडी वस्तीच्या बाजूला असते. तिथे वस्तीच पाण्यावर, पेट्रोलपंपसुद्धा.

सानिका_उवाच

खिडकीताई, अजगर ऐकून सासूबाईंनी एकदिवसीय सहल स्वतःच बाद केली. 🙏

आता अडचणी. एक, गुडघे. होडीत चढउतार कितपत? दोन, जेवण. माशाशिवाय तिथे काही मिळतं का? तीन, पाऊस. चार, कान थोला जाऊन-येऊन दोन दिवस रस्त्यातच जाणार ना?

सायगॉनकर_सध्या

नोकरीमुळे इथेच राहते, म्हणून लिहिते. (एरवी वाचनमात्र.)

रस्ता: पूर्वी होता तितका लांब राहिलेला नाही. २०२३ च्या शेवटी द्रुतगती मार्ग कान थोपर्यंत पूर्ण झाला, आता साधारण तीन-साडेतीन तास. पण तुम्हाला जाताना तेही नको. दा नांगहून कान थोला थेट विमान असतं. तुमच्या तारखेला आहे का बघा. असेल तर सायगॉनला न येता आधी तिकडेच उतरा, आणि परतताना एकदाच गाडीने सायगॉनला या. शेवटच्या रात्री सायगॉनमध्येच असू द्या, आंतरराष्ट्रीय विमानाच्या दिवशी सकाळी कान थोहून निघायचा धोका पत्करू नका.

पाऊस: ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पावसाळ्याचं शेपूट. दुपारी तास-दीड तास धो धो, मग उघडीप. खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुठला एजंट सांगत नाही. वर्षातली सगळ्यांत मोठी भरती याच दोन महिन्यांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते. दिवाळी म्हणजे अमावास्या! त्या दोनचार दिवसांत निन किउ भागातल्या रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ घोटाभर, कधी गुडघाभर पाणी चढतं आणि दोन-तीन तासांत उतरतं. लोक चपला हातात घेऊन निवांत चालतात, दुकानदार खुर्च्या टेबलावर ठेवतात, संपलं. तुम्हाला तेच करता येईल, सासूबाईंना नको. हॉटेल घेताना 'समोरचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो का' हे स्पष्ट विचारा आणि शक्य असेल तर लक्ष्मीपूजनानंतर चार-पाच दिवस जाऊ देऊन तिकडे पोचा. ओहोटीच्या वेळी उलटी गत. लहान कालव्यांत होड्या गाळात टेकतात. कालव्यातली फेरी किती वाजता, हे घड्याळावरून ठरवू नका, होडीवाल्याला ठरवू द्या.

जेवण: 'चाय' म्हणजे शाकाहारी, ही पाटी शोधायची. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात, त्या दिवशी अशा गाड्या गल्लोगल्ली लागतात. त्यांची पहिली तिथी आपल्या पाडव्याच्या आगेमागेच येते. मात्र साध्या हॉटेलात 'मांस नको' म्हटलं तरी फिश सॉस घालतात, त्यांच्या लेखी तो मसाला आहे. तेव्हा 'चाय'च म्हणा. आणि बेटावरच्या घरगुती मुक्कामात पाहुण्यांसाठी हत्तीच्या कानासारखा दिसणारा अख्खा मासा तळून लाकडी घोडीवर उभा करून टेबलाच्या मध्ये ठेवतात, डोळ्यासकट. आधी कळवलंत तर टळेल.

सानिका_उवाच

भरतीचं कुणीच सांगितलं नव्हतं. होई आन आधीच आहे, त्यामुळे लक्ष्मीपूजन तिथेच होतंय आणि कान थोला पोचेपर्यंत पाच दिवस उलटून गेलेले असतील. हुश्श.

मग असं केलं तर? दा नांगहून थेट कान थो. दोन रात्री तिथे, त्यातली एक बेटावरच्या होमस्टेला. मग सायगॉन दोन रात्री.

पायजमा_प्रवासी

दोन रात्री सायगॉनला पुरतात, कू चीची युद्धकाळातली भुयारं सोडलीत तर. जाऊन-येऊन अर्ध्याहून अधिक दिवस जातो आणि आत वाकून, जवळपास रांगत जायचं असतं. नवऱ्याला फार वाटलं तर तो एकटा पहाटे निघून दुपारपर्यंत परत येऊ शकतो.

पोराला मेट्रो दाखवा. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, बेन थान्हहून सुटते, आधी जमिनीखालून आणि मग पुलावरून, नदीच्या बाजूने. सासूबाई दमल्या तर बाक डांग धक्क्यावरून वॉटरबस घ्या, १५,००० डोंगचं तिकीट, म्हणजे आपले पन्नासेक रुपये. बसल्या जागी अख्खं शहर पाण्यावरून दिसतं.

घाटवाट

बरं बाबा, हरलो. पण एका सहलीत तीन हॉटेलं झाली ना? दा नांगची वेगळी. ७२ वर्षांच्या बाईंना?

खिडकीची_सीट

हा मुद्दा बरोबर आहे. सानिका, बेटावरचा होमस्टे सोड. खोल्या साध्या, मच्छरदाणी, न्हाणीघर कधीकधी अंगणापलीकडे आणि वाट निसरडी. दोन्ही रात्री कान थोमध्येच एका हॉटेलात काढा, पाण्यापासून थोडं आत, लिफ्ट असलेलं. बाजार पहिल्या पहाटे आणि दुसरी सकाळ काहीच न ठरवता रिकामी ठेव. बाजाराच्या पहाटे पाऊस असेल तर ती राखीव.

गुडघ्यांचं म्हणशील तर धक्क्यावरून होडीत एक मोठी पायरी असते, पाणी उतरलं असेल तर दोन. होडीवाले हात धरतात. लहान होडीत नुसती फळी असते, पाठ टेकायला काही नाही. म्हणून बुक करताना छप्पर, पाठ असलेल्या खुर्च्या आणि लाईफ जॅकेट तिन्ही विचारून घे, आणि पूर्ण बोट फक्त तुमच्यासाठी घे. चौघांत फार महाग पडत नाही, आणि सासूबाई म्हणाल्या की लगेच वळता येतं.

सायगॉनकर_सध्या

+१. अजून एक, जुलै २०२५ पासून इथले प्रांत एकमेकांत विलीन झालेत आणि शहरातले 'डिस्ट्रिक्ट' कागदोपत्री रद्द झालेत. मेकाँगकाठचा बेन त्रे प्रांत आता विन लाँग प्रांतात मोडतो. लोक मात्र अजून 'डिस्ट्रिक्ट वन'च म्हणतात. बुकिंगवर जुना पत्ता आणि नकाशावर नवा दिसला तर घाबरू नका, हॉटेलचं नाव आणि रस्ता जुळतोय ना तेवढं बघा. ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये प्रवेश दा नांग आणि निर्गमन तान सोन न्यात (सायगॉनचा) विमानतळ असं भरा.

सानिका_उवाच

दा नांग-कान थो विमान आमच्या तारखेला आहे, आत्ताच बघितलं. नवरा म्हणतोय, सायगॉनच्या दोन्ही संध्याकाळी त्याच्या, कुणी प्लॅन करायचा नाही. मान्य केलंय.

बोटीच्या बुकिंगचं हॉटेलवाल्याला सांगू की धक्क्यावर जाऊन ठरवू?

खिडकीची_सीट

हॉटेलला सांग, पण आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बोट स्वतः बघून ये.