अनुभव धागा : पैलवानाची कंबर

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या आखाड्यात एक पोरगा आहे. दंड असे की बघत राहावं, पण दुहेरी पट (समोरच्याचे दोन्ही पाय धरायचा डाव) लागूनही समोरचा उचलला जात नाही. पायातला जोर कंबरेतच मुरून जातो. पोट-पाठ-कंबरेनं तुमच्या कुस्तीत काय फरक पडला, ते लिहा जी. सुरुवात मी करतो.

मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद. दुसऱ्या फेरीत माझा वाकलेला पवित्रा उभा व्हायचा आणि समोरचा माझ्यावर पट काढायचा. मी दमावर खापर फोडून रोज धावत सुटलो. वस्ताद म्हणाले, "दम नाही सुटला बे, कंबर सुटली." मग त्यांनी फावडं हातात दिलं. वाकून आखाडा खोदायचा, जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या, मुद्गल फिरवायचे. तीनेक महिन्यांनी शेवटच्या मिनिटालाही वाकून उभा राहू लागलो. आजही नव्या पोराला मी आधी फावडंच देतो.

सक्करदऱ्याची पैलवान : दादा, माझं दुखणं भारंदाज, म्हणजे खाली असताना कंबरेला मिठी मारून पलटवायचा डाव. एकदा पकड बसली की पलटी, दोन गुण. पुन्हा पलटी, पुन्हा दोन. प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरायचं) मी तीन मिनिटं धरत होते, तरी फिरायचेच! प्लँकमध्ये कोणी आडवं ओढत नाही ना. मग मी ओणवी बसायची आणि मैत्रीण कंबर धरून कधी डावीकडे, कधी उजवीकडे झटके द्यायची. कुठून ओढणार ते सांगायची नाही. पोटाचे तिरके स्नायू तेव्हा कळले. पहिल्या आठवड्यात हसलं तरी दुखायचं.

धंतोलीतला फिजिओ : सोआस या आतल्या स्नायूला विसरू नका. कंबरेच्या मणक्यांपासून निघून तो मांडीच्या हाडाला जातो. पटात घुसताना गुडघा पुढे आणतो तो हाच. आणि वाढत्या वयातल्या पोरांची, मागे वाकताना होणारी कंबरदुखी "लचक भरली" म्हणून सोडू नका. वारंवार मागे वाकून, पिळून मणक्याच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते. माझ्याकडे अशी पोरं उशिरा येतात, याचं फार वाईट वाटतं. पायाला मुंग्या येत असतील तर ब्रिज (मागे वाकून अंगाची कमान करायचा व्यायाम) बंद, आधी डॉक्टर.

एका पैलवानाची आई, मानेवाडा : भाऊ, माझा 14 वर्षांचा पोरगा महिनाभर तेल चोळून सराव करून राहिला. दुखणं मागे वाकतानाच होते. उद्याच दाखवते.