मदत हवी आहे : कॅलिफोर्नियात भाच्याला अटक झाली आहे, कुठल्या जेलमध्ये आहे ते शेरीफच्या नोंदीत कसं शोधायचं?

नमस्कार. तिकडे राहणाऱ्यांपैकी कुणी जागं असेल तर कृपया लगेच उत्तर द्या.

माझा भाचा फ्रीमॉन्टला राहतो, नोकरीच्या व्हिसावर आहे. काल रात्री (तिकडची शुक्रवारची रात्र) मिलपिटासमध्ये मित्राकडे जेवायला गेला होता. परत निघाल्यावर थोड्याच अंतरावर पोलिसांनी गाडी थांबवली, तोंडाजवळ यंत्र धरून फुंकायला लावलं आणि त्याला घेऊन गेले. बरोबरच्या मित्राला सोडून दिलं. त्या मित्राने रूममेटला सांगितलं, रूममेटने आम्हाला. त्यानंतर भाच्याचा फोन बंद आहे. कुठे नेलं हे दोघांनाही माहीत नाही.

तिथे जेल काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाकडे असतं आणि कैद्यांची यादी कुणालाही बघता येते, असं समजलं. फ्रीमॉन्ट अलामेडा काउंटीत येतं म्हणून त्या शेरीफच्या साइटवर नाव घालून पाहिलं, काहीच येत नाही. पासपोर्टवर त्याचं आणि वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात एकत्र आहे, आडनाव वेगळं. तशा सगळ्या प्रकारे पाहिलं. गूगलवर भलत्याच खाजगी साइट्स वर येतात आणि रिपोर्ट दाखवायला कार्डाचा नंबर मागतात. पैसे भरून काही कळणार असेल तर भरायची तयारी आहे, पण त्या खऱ्या आहेत का? आणि भारतातून फोन केला तर शेरीफचं ऑफिस आम्हाला माहिती देईल का? ताई इथे शेजारीच बसली आहे. तिला सांगण्यासारखं काहीतरी हातात हवं आहे.

सॅन होजेहून प्रतिसाद

दादा, आधी एक करा, कार्डाचा नंबर कुठेही देऊ नका. जी माहिती तुम्हाला हवी आहे ती फुकट आहे.

तुम्ही पाहताय ती काउंटी बहुतेक वेगळी आहे. नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, अटक जिथे झाली त्या काउंटीत होते. फ्रीमॉन्ट आणि मिलपिटास एकमेकांना खेटून आहेत, ८८० हायवेवरून निघालं की गावाची हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. पण फ्रीमॉन्ट अलामेडात आणि मिलपिटास सँटा क्लारा काउंटीत. अलामेडाचं जेल म्हणजे तिथल्याच डब्लिन गावचं सँटा रीटा. मिलपिटासमध्ये धरलेल्या माणसाला तिकडे नेत नाहीत, सॅन होजेला वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या मेन जेलमध्ये आणतात. अटक गावच्या पोलिसांनी केली काय किंवा हायवे पॅट्रोलने केली काय, जेल शेरीफचंच. तेव्हा 'सँटा क्लारा काउंटी शेरीफ' आणि 'इन्मेट लोकेटर' (कैदी शोधायचं पान) असं शोधा. पत्ता सरकारी आहे ना, हे नीट बघून मगच आत जा.

नाव तिथेही लगेच दिसलं नाही तर घाबरू नका. आणल्यावर बोटांचे ठसे, फोटो, तब्येतीची तपासणी, सामानाची यादी हे सगळं होतं. त्याला बुकिंग म्हणतात आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री त्याला बरेच तास लागतात. ते पुरं होईपर्यंत यादीत नाव चढत नाही. दोन-तीन तासांनी परत बघत राहा.

ह्यूस्टनहून प्रतिसाद

नावाबद्दल थोडं. आपल्या नावांचा तिकडच्या रकान्यांत फार घोळ होतो. बुकिंग करणारा डेप्युटी समोरच्या ओळखपत्रावरून टाइप करतो. ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असेल तर तसं, पहिल्या नावाला चिकटून असेल तर दोन्ही मिळून एकच शब्द. म्हणून पासपोर्टपेक्षा लायसन्सवर नाव कसं आहे ते रूममेटला विचारा. आडनाव पूर्ण आणि पहिल्या नावाची दोन-तीनच अक्षरं घालून पाहा. साइट जन्मतारीख मागत असेल तर महिना आधी, दिवस नंतर. आपण ०५/०९ लिहिलं की ते ९ मे समजतात.

आणि सापडला की बुकिंग नंबर लगेच लिहून ठेवा. पुढे फोन करा, पैसे भरा, वकील गाठा, सगळीकडे तोच विचारतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. सँटा क्लाराच्या यादीत अजून नाव नाही. पण मिलपिटास वेगळ्या काउंटीत आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, रूममेटलाही ठाऊक नव्हतं. आता इथून मी, तिथून तो असे दोघे बघतोय. दुसरं असं की फोनवर ते मला, म्हणजे परदेशातल्या मामाला, सांगतील का? वकील लागेल का?

सॅन होजेहून प्रतिसाद

सांगावंच लागतं. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे : अटक झालेल्याचं नाव, अटकेची आणि बुकिंगची तारीख-वेळ, अटकेची जागा, कुठली कलमं लावली, जामिनाची रक्कम किती, आणि आत्ता तो कुठे आहे किंवा कधी व कसा सुटला. तपासाला धोका असेल तेवढाच भाग ते रोखू शकतात. नातं सिद्ध करायला लागत नाही, वकीलही लागत नाही. मात्र रूममेटनेच फोन करावा हे उत्तम, त्याला लाइनवर थांबणं सोपं जाईल.

'कधी व कसा सुटला' हे मुद्दाम विचारायला सांगा. पहिल्यांदाच दारू पिऊन गाडी चालवल्याचा संशय असेल, कुणाला इजा झाली नसेल, तर पुष्कळदा काही तासांनी कोर्टाची तारीख हातात देऊन सोडतात. सुटला की चालू कैद्यांच्या यादीतून नाव जाऊ शकतं. म्हणजे यादीत नसण्याचे दोन अगदी उलट अर्थ होतात, अजून चढलेलं नाही किंवा सुटलासुद्धा. फोन बंद असणं तर साहजिकच आहे, तो सामानाच्या पिशवीत जमा असतो आणि सकाळपर्यंत चार्जिंग संपतं.

अटकेनंतर तीन तासांत किमान तीन फोन करू देणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, पण फुकट फक्त स्थानिक फोन. भारतात तुम्हाला फोन आला नाही याचा वाईट अर्थ लावू नका. मोबाइल काढून घेतल्यावर रूममेटचा नंबर किती जणांना पाठ असतो?

सोडलं नाही तरी ४८ तासांच्या आत जज्जासमोर उभं करावं लागतं. रविवार आणि सुट्टीचे दिवस त्यात धरत नाहीत, तेव्हा शुक्रवार रात्रीचा माणूस सोमवार-मंगळवारपर्यंत आत राहू शकतो.

सिएटलहून प्रतिसाद

हा धागा पुढे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. जेल सगळीकडे शेरीफकडेच असतं असं नाही. आमच्या किंग काउंटीत ते काउंटीच्या वेगळ्या खात्याकडे आहे, यादीही त्याच खात्याच्या साइटवर. कनेटिकट, ऱ्होड आयलंडमध्ये काउंटी जेलच नाही, सगळी जेलं राज्याची. केंद्र सरकारच्या तुरुंगातल्यांची यादी ब्युरो ऑफ प्रिझन्सकडे, इमिग्रेशनच्या ताब्यातल्यांची आइसच्या (ICE, इमिग्रेशनची अटक-कोठडी बघणारं केंद्रीय खातं) वेगळ्या लोकेटरवर आणि तिथे जन्माचा देशही भरावा लागतो. वाइनलिंक नावाची एक मोफत सेवा आहे, ती मुळात गुन्ह्यातल्या पीडितांना आरोपी सुटल्याची खबर मिळावी म्हणून १९९४ मध्ये केंटकीत सुरू झाली. पुष्कळ काउंट्यांची माहिती तिथे एकत्र मिळते.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. ही यादी जशी तुम्हाला दिसते तशी ठगांनाही दिसते. 'शेरीफच्या ऑफिसातून बोलतोय, मुलाला आत्ता सोडवायचं तर गिफ्ट कार्डाने पैसे भरा' असे फोन घरच्यांना येतात आणि त्यांच्याकडे नाव, कलम, रक्कम सगळं बरोबर असतं, त्यामुळे माणूस फसतो. खरं शेरीफ ऑफिस गिफ्ट कार्ड कधीच मागत नाही. फोन ठेवा आणि सरकारी साइटवरच्या नंबरवर स्वतः लावा.

पुण्याहून प्रतिसाद

सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय वकिलातीला कळवा, पण ती आपोआप येईल असं समजू नका. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतल्या परदेशी माणसाला विचारतात, 'तुमच्या वकिलातीला कळवू का?' काही देशांच्या बाबतीत न विचारता कळवावंच लागतं, भारत त्यांत नाही. म्हणजे तुमच्या भाच्याने 'हो' म्हटलं असेल तरच त्यांना समजणार.

धागाकर्ता

सापडला! रूममेटने फोन केला. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं होतं, त्यांनी जन्मतारखेवरून शोधून दिलं. मेन जेलमध्ये आहे. एकच आरोप, दारूच्या नशेत गाडी चालवल्याचा, किरकोळ गुन्ह्यांत मोडणारा. जामिनाच्या रकान्यापुढे रक्कम नाही, आज संध्याकाळपर्यंत सोडतील असं म्हणाले. ताईला ते पान उघडून दाखवलं. फोटो नव्हता, पण उंची, वजन आणि वेळ सगळं होतं. तिने आधी वजन वाचलं आणि म्हणाली, बारीक झालाय.

आता पुढचं. सुटायला उशीर झाला आणि तो जेलमधून बोलला तर आम्ही काय विचारायचं, काय नाही?

सॅन होजेहून प्रतिसाद

फार बरं वाटलं वाचून. फोनवर फक्त जेवलास का, बरा आहेस का, एवढंच. किती प्यायलास, काय बोललास, यातलं काहीही विचारू नका आणि त्याने सुरुवात केली तर थांबवा. जेलचे फोन रेकॉर्ड होतात आणि ते सरकारी वकिलाला ऐकता येतात. मराठीत बोलल्याने काही फरक पडत नाही.

सुटल्यावर त्याच्या हातात कोर्टाच्या तारखेचा कागद असेल, त्याचा फोटो मागवून घ्या. ती तारीख चुकली तर वॉरंट निघतं. वकील फौजदारी बघणारा हवा आणि व्हिसावर असल्यामुळे इमिग्रेशनवाल्याचाही सल्ला हवाच. नुसत्या अशा अटकेवरूनही, शिक्षा झालेली नसताना, व्हिसाचा शिक्का रद्द होऊ शकतो. तेव्हा त्या वकिलाशी बोलल्याशिवाय भारताचं तिकीट काढायला सांगू नका, ताईंनी कितीही आग्रह केला तरी. तुम्हाला माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतोय. रूममेटकडे गाडी नसेल तर हेडिंग स्ट्रीटवर मी जाऊन थांबतो, घरापासून वीस मिनिटांवर आहे.