जुने हँडहेल्ड, नवा संगणक : नोंदी कशा उतरवल्यात? (अनुभव धागा)

धागाकर्ता, पुणे

पाम, हँडस्प्रिंग व्हायझर, सायॉन यांसारखी हँडहेल्ड, म्हणजे हातात मावणारी, पत्ते-तारखा ठेवणारी उपकरणे ज्यांच्याकडे अजून चालू स्थितीत आहेत आणि ज्यांनी ती अलीकडच्या संगणकाला जोडून पाहिली आहेत, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. 1996 साली पामचा पहिला पायलट आला तेव्हापासून या उपकरणांची सारी मदार क्रेडलवरच्या, म्हणजे संगणकाला जोडलेल्या बैठकीवरच्या, एका बटणावर होती. ते दाबले की हॉटसिंक सुरू होऊन पत्ते, तारखा, कामांची यादी आणि टिपणे संगणकावरच्या प्रतीशी जुळत. उपकरणे टिकली, पण पलीकडचा संगणक बदलला आणि तो आता त्यांना ओळखत नाही.

हा विषय आत्ताच काढण्याचे कारण असे, की 2004 च्या अखेरीस टंगस्टन टी5 येईपर्यंत पामच्या उपकरणांत नोंदी रॅममध्ये राहत असत आणि बॅटरी पूर्ण उतरली की त्या पुसल्या जात. माझ्याकडे पाम एम515 आहे. त्याची बॅटरी आता फार काळ टिकत नाही, म्हणून उपकरण सतत क्रेडलवर ठेवावे लागते. लिहिताना उपकरणाचे नाव, जोडणीचा प्रकार आणि संगणकाची प्रणाली या तीन गोष्टी अवश्य सांगाव्यात, कारण त्यावाचून एकाचा उपाय दुसऱ्याच्या कामी येत नाही.

एक डॉक्टर, सांगली

टंगस्टन ई, यूएसबी केबल, 64-बिट विंडोज 7. रुग्णांच्या फेरतपासणीच्या तारखा आणि औषधांची टिपणे मी वर्षानुवर्षे या उपकरणात ठेवली होती. पाम डेस्कटॉप (पामचे संगणकावरचे सॉफ्टवेअर) नव्या संगणकावर विनातक्रार बसले, पण हॉटसिंकचे बटण दाबल्यावर काहीच घडेना. 64-बिट विंडोजसाठी पामचा यूएसबी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला उपकरण ओळखायला लावणारा प्रोग्राम, निघालाच नव्हता, हे त्यामागचे कारण होते. न्यूझीलंडमधील असीका ही कंपनी पाम प्रणालीवर चालणारी औद्योगिक उपकरणे बनवत असे. तिने आपल्या उपकरणांसाठी केलेला 64-बिट ड्रायव्हर पामच्या उपकरणांनाही चालतो आणि माझे काम त्यानेच झाले. तो बसवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : हॉटसिंक सुरू केल्याशिवाय यूएसबीवर पाम मुळी दिसतच नाही. म्हणून आधी बटण दाबायचे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनोळखी उपकरण उमटले, की तेवढ्या अवधीत त्याला ड्रायव्हरचा फोल्डर दाखवायचा.

यापुढचा टप्पा मला ड्रायव्हरहूनही महत्त्वाचा वाटतो. हॉटसिंकच्या कस्टम यादीत पत्ते, तारखा, टिपणे अशा प्रत्येक विभागासमोर चार पर्याय असतात : दोन्हीकडच्या नोंदी जुळवणे, संगणकावरच्या नोंदी हँडहेल्डवर चढवणे, हँडहेल्डवरच्या नोंदी संगणकावर चढवणे, किंवा काहीच न करणे. नव्या संगणकावर पहिल्या खेपेला हँडहेल्डकडून संगणकाकडे हाच पर्याय प्रत्येक विभागासाठी हाताने निवडावा. उलट दिशेचा पर्याय चुकून राहिला, तर रिकामा संगणक भरलेले उपकरण रिकामे करून ठेवील.

सॉफ्टवेअर अभियंता, बंगळुरू

डॉक्टरसाहेबांनी पहिल्या सिंकच्या दिशेबद्दल जे लिहिले आहे, त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मात्र ज्यांना केवळ नोंदी सोडवून घ्यायच्या आहेत, त्यांनी विंडोजच्या वाटेला न जाता लिनक्स ही प्रणाली वापरावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

माझे उपकरण व्हायझर असून त्याचे क्रेडल यूएसबीचे आहे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, या उपकरणांसाठी ‘व्हायझर’ याच नावाचे मोड्यूल आहे. बटण दाबताच ते दोन सिरियल पोर्ट उभे करते, आणि त्यांपैकी कोणत्या पोर्टवरून संवाद होतो हे उपकरणागणिक बदलते, म्हणून दोन्ही तपासून पाहावेत. दुसरी रीत म्हणजे ते मोड्यूल बंद ठेवून पायलट-लिंक या प्रोग्रामांच्या संचाला थेट यूएसबीवरून बोलू देणे. ही रीत मला अधिक भरवशाची वाटली. दोन्ही रीती एकाच वेळी चालू राहिल्या तर त्या एकमेकींच्या आड येतात, आणि ‘उपकरण सापडत नाही’ या संदेशाचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. पोर्ट वापरण्याची परवानगी आपल्या खात्याला आहे ना, हेही पाहून घ्यावे.

पायलट-लिंकमधील पायलट-एक्सफर ही आज्ञा उपकरणातील सर्व डेटाबेस जसेच्या तसे एका फोल्डरमध्ये उतरवते. कोणताही प्रयोग करण्याआधी ही प्रत काढावी आणि ती वेगळी ठेवावी. त्यानंतर जे-पायलट या प्रोग्रामने सिंक केल्यास पत्ते व्हीकार्डमध्ये आणि तारखा आयकॅलेंडरमध्ये निर्यात करता येतात. या दोन स्वरूपांतील फायली आजचे बहुतेक फोन वाचतात.

वर्गांची म्हणजे कॅटेगरींची संख्या जुन्या पामवर ‘अनफाइल्ड’ धरून 16 पर्यंतच असे. निर्यातीनंतर हे वर्ग नव्या फोनमध्ये नेहमीच टिकतात असे नाही, म्हणून ज्यांचे काम वर्गवारीवर चालते त्यांनी प्रत्येक वर्ग वेगळ्या फायलीत काढावा.

वकील, नाशिक

पाम थ्री-एक्स, सिरियल क्रेडल, विंडोज 10. यूएसबी ड्रायव्हरची वर लिहिलेली अडचण मला आलीच नाही, कारण सिरियल जोडणीला पामचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुन्या उपकरणाचे काम नव्याहून सोपे झाले, ही गोष्ट अनेकांना पटत नाही, पण ती खरी आहे. संगणकाला सिरियल पोर्ट नसल्याने यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घ्यावा लागला. पहिला स्वस्तातला कन्व्हर्टर विंडोजने स्वीकारला नाही. एफटीडीआय कंपनीची चिप असलेला दुसरा मात्र लगेच चालला. हॉटसिंक मॅनेजरमध्ये ‘लोकल सिरियल’ निवडून योग्य कॉम पोर्ट दिला आणि वेग एक पायरी खाली आणला, तेव्हा मध्येच तुटणारे सिंक शेवटपर्यंत गेले.

हे उपकरण दोन ट्रिपल-ए सेलवर चालते. सेल बदलताना आतला कपॅसिटर साधारण मिनिटभर स्मृती धरून ठेवतो, तेवढ्यात नवे सेल बसायला हवेत. न्यायालयीन तारखांची अनेक वर्षांची नोंद त्यात असल्याने मी नवे सेल आधी वेष्टनातून काढून हाताशी ठेवतो आणि मगच झाकण उघडतो.

वाचक, ठाणे

पाम टीएक्स. यात वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही असल्याने केबलची गरज नाही, असे मी धरून चाललो होतो. वाय-फाय मात्र जुन्या सुरक्षा पद्धतीचे आहे आणि घरच्या नव्या राउटरशी ते जुळले नाही. त्यासाठी राउटरची सुरक्षा उतरवणे मला योग्य वाटले नाही. ब्लूटूथने संगणकाशी जोडून नेटवर्क हॉटसिंक केले, ते झाले. हॉटसिंक मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क’ चालू करावे, फायरवॉलमध्ये यूडीपी 14237 आणि टीसीपी 14238 हे पोर्ट उघडावेत आणि उपकरणावर संगणकाचा आयपी पत्ता स्वतः लिहावा. 64-बिट यूएसबी ड्रायव्हरचा प्रश्न या मार्गाने मुळातच टळतो.

न्यू जर्सीहून

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. 2009 च्या स्नो लेपर्ड या मॅक प्रणालीपासून आयसिंक या नोंदी जुळवणाऱ्या प्रोग्राममधील पामची सोय गेली. मी जुन्या प्रणालीचा एक मॅक त्यासाठीच जपला आहे. त्यावरील पाम डेस्कटॉपमधून पत्ते व्हीकार्ड स्वरूपात काढले आणि ते नव्या मॅकवर नेले. ज्यांच्याकडे असा मॅक नाही, त्यांना बंगळुरूच्या अभियंत्यांचा मार्गच अधिक सोयीचा पडेल.

निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

माझे उपकरण पाम नसून सायॉन 5एमएक्स आहे. त्याचा कळफलक इतका चांगला आहे, की प्रवासातले बरेचसे लेखन मी त्यावरच केले. सिरियल केबल आणि सायविन हे सायॉनचे सॉफ्टवेअर यांचा मार्ग जुन्या विंडोजवर उत्तम चालत असे. नव्या संगणकासाठी मी ती खटपट सोडून दिली आणि कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाचा आधार घेतला. फायली कार्डावर उतरवायच्या आणि कार्ड रीडरमधून संगणकात घ्यायच्या, इतकेच काम उरते. सायॉनच्या वर्ड या लेखन-प्रोग्रामचे स्वरूप नवे प्रोग्राम वाचत नाहीत, म्हणून लेख उपकरणावरच साध्या मजकुरात निर्यात करून घ्यावेत. लिनक्सवर सायकॉन्व्ह नावाचे रूपांतराचे साधनही मिळते.

एक डॉक्टर, सांगली

रुग्णांच्या माहितीमुळे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. पामवर एखादी नोंद ‘प्रायव्हेट’ केली, की ती संकेतशब्दाशिवाय दिसत नाही. पण ती केवळ खूण असते. नोंद कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, होत नाही. सिंक किंवा बॅकअप झाल्यावर तिचा मजकूर फायलीत उघडा वाचता येतो. डॉक्टर, वकील, लेखापाल अशांनी उतरवलेल्या फायली एन्क्रिप्ट केलेल्या जागेतच ठेवाव्यात आणि उपकरण कोणाला देण्यापूर्वी हार्ड रीसेट करून त्यातल्या सगळ्या नोंदी पुसाव्यात.

धागाकर्ता, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एम515 मधील नोंदी लिनक्सच्या मार्गाने उतरल्या. माझ्या एका स्नेह्यांच्या उपकरणाची बॅटरी मात्र पूर्ण उतरली असून ते चालू केल्यावर नव्यासारखे कोरे दिसते. त्यांच्यासाठी काही मार्ग शिल्लक आहे का?

सॉफ्टवेअर अभियंता, बंगळुरू

उपकरणातले गेले ते गेले. पण ते कधीकाळी ज्या संगणकाशी सिंक झाले असेल, त्याची हार्ड डिस्क शोधावी. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ‘पाम’ किंवा ‘पामवन’ नावाचा फोल्डर असतो. त्यात वापरकर्त्याच्या नावावरून तयार झालेला एक उपफोल्डर सापडेल आणि पत्ते व तारखा तेथेच वेगवेगळ्या डॅट फायलींत असतील. वापरकर्त्यांची यादी ठेवणारी यूझर्स.डॅट ही फाइल त्याच्या बाहेर, मुख्य फोल्डरमध्ये असते. एखादी सुटी फाइल न उचलता मुख्य फोल्डर सगळाच्या सगळा नव्या संगणकावर न्यावा आणि पाम डेस्कटॉप त्याच जागी बसवावे. नोंदी त्यात दिसू लागल्या की प्रथम तेथूनच निर्यात करून घ्यावी. कोरे झालेले उपकरण तोपर्यंत क्रेडलवर ठेवू नये.