मदत हवी आहे: कॅनडा स्पाउस स्पॉन्सरशिप, आणि रेशनकार्डावर माझं नावच वेगळं

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार, सांभाळून घ्या.

मी बेळगावची, शहापुरात सासर, माहेर खानापूर तालुक्यातलं. लग्न गेल्या डिसेंबरात झालं. नवरा ओंटारिओत नोकरीला, तिथला पीआर (कायमचा रहिवासी) आहे. लग्नानंतर एकोणीस दिवसांत त्याची सुट्टी संपली आणि तो गेला. आता बायकोला कॅनडात बोलवून घ्यायच्या अर्जात तो स्पॉन्सर (हमी देणारा) आणि मी मुख्य अर्जदार, असा आमचा संसार सध्या पीडीएफमध्ये चाललाय. फॉर्म भरून झालेत. अडलंय ते कागदांवर.

पहिलं दुखणं नावाचं. माझ्या नावातला 'वै' पासपोर्ट, आधार आणि लग्नाच्या दाखल्यात 'व्ही-ए-आय' असा आहे, जन्मदाखल्यात मात्र 'व्ही-वाय'. कन्नडमध्ये लिहिलेलं नाव अगदी बरोबर आहे हो, चूक त्याचं इंग्रजी करताना झाली. कन्नड धाटणीनं 'वै' म्हणजे 'व्हीवाय'च. दाखला दुरुस्त करायला गेले तर खिडकीवरच्या बाईंनी "हेसरू हेळ्री" म्हणून नाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी दाखल्यावर बोट ठेवून म्हटलं, हेच तर आहे की. त्यांच्या कानाला दोन्ही एकच, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. माझंही लिहिलं. मला वाटलं, रीत आहे, चार दिवस हाक मारतील आणि विसरतील. सासूबाईंनी महिन्याभरात तेच नाव रेशनकार्डावर चढवलं! म्हणजे नवऱ्याच्या कुटुंबात माझी नोंद असलेला एकमेव सरकारी कागद, तोही कन्नडमध्ये, आणि त्यावर मी नाहीच, दुसरीच कोणीतरी बाई आहे.

गावातल्या एका एजंटला विचारलं. तो म्हणाला, रेशनकार्ड दाखवूच नका, फॉर्ममध्ये 'दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का' असं विचारलंय तिथं 'नाही' लिहा, आणि आधी पासपोर्ट नवऱ्याच्या आडनावानं नवा करून घ्या. वर अपॉस्टिल (परदेशात चालावा म्हणून कागदावर घ्यायचा सरकारी शिक्का), भाषांतर सगळं मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून मी पाणी पिऊन घरी आले.

दुसरं, भाषांतर. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत (मराठी शाळा, अजून चालू आहे, पट विचारू नका), रेशनकार्ड कन्नडमध्ये, लग्नपत्रिका मराठीत. माझा चुलतभाऊ कॉलेजात इंग्रजी शिकवतो, तिन्ही भाषा पक्क्या. त्याच्याकडून करून घेतलं तर चालेल का?

तिसरं, नातं खरं असल्याचा पुरावा. एकोणीस दिवसांत किती फोटो असणार! हळद, अक्षता, वरात आहेत. जोतिबाला जोडीनं गेलो तो फोटो मला सगळ्यात आवडतो, पण त्यात दोघंही गुलालानं इतके माखलोय की आईनंही मला ओळखलं नाही. बाकी व्हॉट्सॲप. ते रोज "जेवलीस का" पासून सुरू होतं, आणि इंग्रजी अक्षरांत आमच्या बेळगावी मराठीत आहे. "काय करूलालीस" याचं इंग्रजी कोण करणार?

चौथं, पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. मी पुण्यात दोन वर्षं नोकरी केली. तिथलं वेगळं काढायचं का?

आणि जाता जाता: दहावीच्या मार्कशीटवर बेलगाम, आधारवर बेळगावी. यावरून काही अडतं का?

कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा. ऐकीव माहिती एजंटकडून भरपूर मिळाली आहे.

प्रतिसाद: सीमेवरचा

शेवटचं आधी सांगतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, तुमची दहावी त्याआधीची असणार. एका वाक्याचा खुलासा पुरे. (आम्ही घरात बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहू, पण तो धागा वेगळा.)

प्रतिसाद: निपाणीची लेक

ताई, मी याच वाटेनं आलेय, आता कॅनडात मिसिसागात आहे. त्या एजंटाचं एकही ऐकू नका.

दुसऱ्या नावाच्या रकान्यात 'हो' लिहा आणि तांदळातलं नाव तिथं टाका. जन्मदाखल्यातलं स्पेलिंगही टाका. माहेरचं नाव, टोपणनाव, काहीही वापरलं असेल तर तो रकाना त्याचसाठी आहे. नावं दोन आहेत म्हणून कोणी अर्ज फेकत नाही. लपवलेलं सापडलं तर मात्र ते खोटी माहिती दिल्यात धरतात आणि ५ वर्षं दार बंद होतं. एजंटाचं काय जातंय, फाइल तुमच्या नावाची.

रेशनकार्ड जरूर लावा. सासरच्या पत्त्यावर, नवऱ्याच्या कुटुंबात तुमची नोंद आहे, यापेक्षा चांगला कागद एकोणीस दिवसांच्या संसाराला कुठून मिळणार? सोबत नोटरीसमोर 'या तिन्ही नावांची व्यक्ती मीच' असं अफिडेव्हिट करा. कोर्टाच्या आवारात टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो, फक्त स्पेलिंगं स्वतः उभं राहून तपासा. माझ्या वेळी टायपिस्टनं चौथं नाव जन्माला घातलं होतं. शिवाय एक साधं खुलाशाचं पत्र. कन्नडमधून इंग्रजीत जाताना 'वै' कसा बदलला आणि आपल्यात सुनेला नाव ठेवायची रीत काय, हे वर तुम्ही लिहिलंत तसंच साधं लिहा. तिथल्या अधिकाऱ्याला तांदळाचं ताट माहीत नसतं.

पासपोर्ट बदलू नका. लग्नानंतर आडनाव बदलायलाच पाहिजे असं कुठेही नाही. लग्नाच्या दाखल्याला अपॉस्टिलही कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या यादीत नाही.

भाषांतर चुलतभावाकडून अजिबात नको. अर्जदाराच्या घरच्यांनी केलेलं ते धरत नाहीत, आणि त्यांच्या व्याख्येत सख्खे चुलत-मावस भाऊसुद्धा घरचेच. बाहेरच्या माणसाकडून करा. त्यानं आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे असं शपथपत्र द्यायचं. मूळ कागदाची प्रमाणित झेरॉक्स सोबत. कॅनडातल्या प्रमाणित अनुवादकानं केलं तर ते शपथपत्र लागत नाही, पण कन्नडसाठी तसा माणूस शोधण्यापेक्षा बेळगावातच लवकर होतं.

एक गोष्ट बहुतेकांची राहते. लग्नाचा दाखला इंग्रजीत असला तरी त्यावरचा गोल शिक्का कन्नडमध्ये असतो. शिक्क्यातल्या मजकुराचंही भाषांतर लागतं. माझी फाइल तेवढ्यासाठी परत आली होती, आणि शिक्क्यात होतं काय, तर कार्यालयाचं नाव.

प्रतिसाद: रात्रपाळी

स्पॉन्सरच्या बाजूनं लिहितो, मी बायकोला आणलं.

फोटो २० च्या आत आणि चॅटची पानं १० च्या आत, असं ५५३३ नंबरच्या चेकलिस्टमध्येच आहे. म्हणजे साडेपाचशे पानांची वही करू नका (मी केली होती). दर महिन्यातला एखादा तुकडा घ्या. गोडगोड बोलणं नको, ज्यात काहीतरी घडतंय तो घ्या. "आईंचा बीपी किती आला", "पैसे पोचले का", "भाड्याच्या घराचा फोटो पाठव". दहा पानांचं भाषांतर कोणालाही परवडतं. कॉलची यादी, तारखा, पैसे पाठवल्याच्या नोंदी यांना भाषांतरच लागत नाही, त्या भरपूर लावा. गुलालाचा फोटो लावा, पण शेजारी त्याच दिवशीचा गुलालाआधीचा एक लावा. मागे कोण, कुठे, कधी, एका ओळीत.

५५३२ नंबरच्या, नात्याची माहिती विचारणाऱ्या फॉर्ममध्ये पहिली भेट कशी, ठरवलं कोणी, लग्नाला कोण कोण होतं, सगळं विचारतात. कांदेपोहे होते तर कांदेपोहेच लिहा. प्रेमकथा रचायला जाऊ नका. मात्र दोघांनी एकमेकांची उत्तरं वाचून तारखा जुळवा. मी साखरपुड्याची तारीख चुकवली होती, बायको अजून काढते.

पीसीसी पासपोर्ट ऑफिसचं काढा, ते देशभराचं असतं, पुण्याचं वेगळं नको. अर्ज ऑनलाइन, अपॉइंटमेंट बेळगावच्या पोस्टातल्या केंद्रात नाहीतर हुबळीला. पत्ता सध्या राहता तोच द्या, पोलीस तिथंच येणार. सासूबाईंना सांगून ठेवा, नाहीतर शेजारी आठवडाभर विचारत बसतील.

अजून एक: नवरा पीआर आहे, नागरिक नाही, म्हणजे अर्ज चालू असेपर्यंत त्यानं कॅनडातच राहायला हवं. तुम्हाला भेटायला चार दिवस आला तर हरकत नाही, पण नोकरी सोडून बेळगावात येऊन बसला तर अवघड. बायकोसाठी ठरावीक किमान उत्पन्नाची अट नसते, फक्त ३ वर्षांच्या खर्चाची हमी द्यायची. क्वेबेक प्रांताचे नियम वेगळे, पण तुमचा तिकडे संबंध नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. निपाणीची लेक, तुम्ही शिक्क्याचं लिहिलंत आणि मी लगेच दाखला काढून बघितला. गोल शिक्का, निम्मा पुसट, कन्नडमध्ये. गेले दोन महिने मी त्या कागदाकडे रोज बघत होते!

एजंटाला फोन करून नको म्हणून सांगितलं. अफिडेव्हिटला मंगळवारी जातेय. कन्नडचं भाषांतर सासऱ्यांच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर करून देणार आहेत, नात्यातले नाहीत, दोनदा विचारून खात्री केली. चॅटची दहा पानं निवडताना मात्र संध्याकाळ गेली. सासूबाई मागून बघत होत्या, "येवढं काय बोलताय गं रोज?" मी स्क्रीन झाकली.

त्यांना नावाची भानगड समजावून सांगितल्यावर त्या गप्प झाल्या, मग आत गेल्या आणि नणंदेचा मोबाइल घेऊन आल्या. त्यात तांदळाच्या ताटाचा फोटो आहे, माझ्याकडे नव्हता. स्टीलचं ताट, कडेला हळदीकुंकू, नवऱ्याचा हात आणि तांदळात देवनागरीत अगदी स्वच्छ वाचता येणारं नाव. खुलाशाच्या पत्राला हाच जोडणार.

आता शेवटचा प्रश्न, हसू नका. तांदळातल्या अक्षरांचंही शपथपत्रासकट भाषांतर लागेल का?