ईगल्सचा पहिला अल्बम: गंगोत्री की बाटलीबंद पाणी?

जुनी_तबकडी:
काल इथे कोणीतरी लिहून गेलं, "कंट्री-रॉकची गंगोत्री म्हणजे ईगल्सचा 1972 चा पहिला अल्बम." (कंट्री-रॉक म्हणजे अमेरिकेतलं खेड्याकडचं कंट्री संगीत अधिक रॉक; ईगल्स हा त्यातला अमेरिकन बँड.) तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे, म्हणून हे लांबण. अहो, त्याआधी तीन वर्षं, 1969 ला, ग्रॅम पार्सन्सच्या फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडचा 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' आला होता. पहिलाच अल्बम. त्यात स्नीकी पीट क्लाइनो पेडल स्टीलला, म्हणजे पेडल असलेल्या आडव्या गिटारला, फझ लावून, आवाज खरखरीत करून, असा पिळतो की गोड वाद्य कण्हायला लागतं. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत 164 च्या वर चढला नाही बिचारा. ईगल्सनी तेच पाणी गाळलं, गार केलं, बाटलीत भरलं. बर्नी लीडन बरिटोजमधूनच आलेला, रँडी माइझनर पोको या बँडमधून. आणि ॲरिझोनातल्या विन्स्लो गावच्या कोपऱ्यावर उभं राहण्याचं 'टेक इट ईझी' हे गाणं रेकॉर्ड कुठे, तर लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत! लेबल सुरेख आहे, मान्य.

कोपऱ्यावरचा:
"कोणीतरी" म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजू नका. तुमचा ग्रॅम पार्सन्स कुठला शेतकरी लागून गेला? आजोळी फ्लोरिडात संत्र्यांच्या बागा, हार्वर्डात एक सत्र, आणि अंगात गांजाची पानं नि गोळ्या भरतकामात काढलेला नूडी या शिंप्याचा भपकेदार सूट. माइझनरचे आईवडील नेब्रास्कात वाट्यानं शेती करायचे. मग खेड्यातला कोण?
आणि 'टेक इट ईझी'मध्ये निर्माता ग्लिन जॉन्सनं लीडनला दुप्पट लयीत बेंजो वाजवायला लावला, तो कान देऊन ऐका. तो काढा, गाणं खाली बसतं.

संत्रानगरी:
नागपूरकर म्हणून विचारतो, संत्र्यात पैसा असतो हे कोणत्या देशात?

परळचा_बेंजो:
बेंजो शब्द दिसला म्हणून आलो. बावीस वर्षं गणपतीत वाजवलाय. गोऱ्यांच्या गाण्यातही असतो हे माहीत नव्हतं.

जुनी_तबकडी:
साहेब, तुमचा तो बुलबुलतरंग, बटणं दाबून वाजवायचा. हा पाच तारांचा, ढोलकीसारखं कातडं ताणलेला. विषय भरकटवू नका.

परळचा_बेंजो:
बुलबुलतरंग तुमच्या दिवाणखान्यात. रस्त्यावर त्याला बेंजोच म्हणतात आणि आमच्या पार्टीला बेंजो पार्टी. एका विसर्जनाला पाऊस इतका, की प्लास्टिक घालूनही बटणांत पाणी गेलं. एक बटण दाबलेलंच अडकलं. तसं झालं की त्याच्या खालचे सूर संपले, वाजतच नाहीत. लालबाग ते गिरगाव चौपाटी, निम्म्या सुरांत बसतील तेवढीच गाणी वाजवली. मंडळाच्या एकाही माणसाला कळलं नाही. बिदागी मात्र "आवाज कमी होता" म्हणून कापली. आता तुम्ही नावही काढून घ्या.

सूरपेटी:
दोघंही थांबा. ते मुळात जपानी. तैशोगोतो, नागोया, 1912, टाइपरायटरवरून सुचलेलं. बलुचिस्तानात आजही 'बेंजू' म्हणतात. तेव्हा परळकर एकटे नाहीत.

जुनी_तबकडी:
वा! ईगल्सवरून नागोयाला पोचलो. उद्या पिपाणीवर बोलू.

परळचा_बेंजो:
बोला ना. पिपाणीवाल्याची बिदागीही तेव्हाच कापली होती.

न्यूजर्सीची_मावशी:
भांडा, भांडा. आम्ही गाडी वळवून विन्स्लोला गेलो होतो. 1999 पासून तिथे गाण्याच्या नावानं छोटंसं उद्यान आहे, गिटार घेतलेला पुतळा, मागे भिंतीवर चित्र. ह्यांनी पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून अकरा फोटो काढले. मुलगा म्हणाला, "बाबा, हा आपला कोण?" ईगल्सच्या चौघांत मूळचा कॅलिफोर्नियाचा एकही नव्हता, पण सगळे त्यांना कॅलिफोर्नियाचेच समजतात. आम्हाला नाही का इथे सगळे 'बॉम्बे'चे म्हणत? मी सांगलीची आहे.
आणि माइझनरबद्दल एक. पोकोचा पहिला अल्बम बाहेर पडायच्या आत तो भांडून निघाला, तर मुखपृष्ठावरच्या चित्रात त्याच्या जागी कुत्रा काढला. अशा माणसानं पुढच्या बँडमध्ये थोडं गाळून, गार करून वाजवलं तर मला राग येत नाही बाई.

कोपऱ्यावरचा:
मावशी, आभार. बाकी 'गंगोत्री' हा शब्द मागे घेतो. 'हरिद्वार' म्हणा. लोक तिथेच आंघोळ करतात.

जुनी_तबकडी:
वाद हरल्यावर सुचतात अशी वाक्यं. असो. रात्री दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले. बरिटोजचा तिसऱ्यांदाही रडवतो. ईगल्सच्यात 'अर्लीबर्ड'मधला लीडनचा बेंजो चांगला आहे. चांगला म्हणालो, थोर नाही. 'विची वुमन' मला आजही चालत नाही, त्याबद्दल कोणी समजावायला येऊ नये.

परळचा_बेंजो:
मुलानं फोनवर 'टेक इट ईझी' लावून दिलं. दुप्पट लयीचा तो तुकडा बेंजोवर बसवून बघितला. बसतो. नखी जरा पातळ घ्यावी लागते.