फोर्थ ब्रिजवाला विल्यम अॅरल: गिरणीतला पोरगा खासदार कसा झाला?

प्रश्न: स्कॉटलंडच्या फोर्थ रेल्वे पुलाबद्दल वाचत होते त्यात सर विल्यम अॅरल हे नाव आलं. जन्म 1839, नवव्या वर्षी सूतगिरणीत कामाला, मग लोहाराकडे उमेदवारी, आणि 1895 ला थेट ब्रिटिश खासदार! पण पुलाचं डिझाईन तर फाउलर आणि बेकर या इंजिनिअरांचं ना? मग ह्यांनी नक्की काय केलं?

उत्तर १: डिझाईन त्यांचंच, पण कागदावरचं ते प्रकरण समुद्राच्या खाडीवर उभं करून दाखवलं ते अॅरलने. 50 हजार टनांहून जास्त स्टील, साधारण 65 लाख रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे), मोठा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, 521 मीटरचा. तापवून लाल केलेला रिव्हेट भोकात घालायचा आणि गार व्हायच्या आत घणाने ठोकून त्याचं डोकं बसवायचं, हे सगळं हातानेच करत बसले असते तर किती वर्षं गेली असती बघा. त्याने पाण्याच्या दाबावर चालणारं रिव्हेटिंग मशीन तयार केलं, दाब दिला की डोकं बसलं. स्वतः ऐरणीवर उभा राहिलेला माणूस होता म्हणूनच हे सुचलं असं माझं ठाम मत आहे. रात्रशाळेत शिकला आणि 1868 ला, तिशीच्या आत, स्वतःचा धंदा टाकला.

उत्तर २: त्याआधीचा दणका पण सांगायला हवा. 28 डिसेंबर 1879 ला वादळात टे नदीवरचा पूल चालत्या गाडीसकट कोसळला. तो थॉमस बाउच या इंजिनिअरचा, आणि फोर्थवर त्याचाच झुलता पूल होणार होता, कंत्राट अॅरलकडे. ते रद्द झालं. तरी नवा टे पूल (1887) आणि फोर्थ (1890) दोन्ही कामं एकाच वेळी यानेच ओढली, नंतर लंडनच्या टॉवर ब्रिजचं स्टीलकाम.

उत्तर ३: कौतुक करा पण मजुरांना विसरू नका. फोर्थवर 57 गेले असं वर्षानुवर्षं छापत होते, नंतर स्थानिक लोकांनी जुनी कागदपत्रं धुंडाळली तेव्हा आकडा 73 वर गेला. त्यांची नावं पण शिकवायला हवीत.

उत्तर ४: खासदारकीचं म्हणाल तर तेव्हा खासदाराला पगारच नव्हता, तो 1911 ला सुरू झाला. म्हणजे गिरणीतला पोरगा गिरणीत असताना तिथे पोचूच शकत नव्हता, आधी कारखानदार व्हावं लागलं. स्कॉटलंडच्या साउथ एअरशायर मतदारसंघातून लिबरल युनियनिस्ट म्हणून 1906 पर्यंत होता, आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध करणारा हा पक्ष. माणूस आवडतो मला, हे राजकारण अजिबात नाही.